खोटा नॉक

"गाडी रस्ता खात नाहीये, दादा. तिसऱ्या गिअरात एकदम मेली."

हेल्मेट काढायच्या आधीच मी बोलले. दादानं दार उघडलं, हेल्मेटवर टपली मारली आणि म्हणाला, "मेलेल्या गाडीनं दुसरा नंबर आणलास की गं. आणि काय पाहिजे?"

"पहिला."

"हावरट."

दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ, धैर्यशील. पहिला नंबर त्याचाच होता. माझ्या आणि त्याच्या वेळेत इतका कमी फरक होता, की लाउडस्पीकरवरच्या नंदूनं आकडा दोनदा वाचून दाखवला आणि वर म्हणाला, "पोवारांच्या घरातलं भांडण घरातच मिटवा, आम्हाला कशाला त्रास?" सगळे हसले. मीही हसले. त्या दिवशी सकाळी मला हसायला येत होतं.

कोल्हापुरात गल्लीगल्लीला तालीम असते. आमची पण होती, टर्बो तालीम. तिथं ना लाल माती ना लंगोट, नुसता ऑइलचा वास आणि ज्याच्या त्याच्या घरच्यांनी ओवाळून टाकलेली तिसेक पोरं. कुणी गाडीला टर्बो बसवलेला, कुणी सायलेन्सर कापून आणलेला, कुणी नुसताच बोलायला आलेला. दसरा झाला की आमचं 'मैदान' भरायचं. नव्या एमआयडीसीत एक सरळसोट रस्ता होता, अजून वाहतुकीला उघडला नव्हता. परवानगी काढून तिथं चारशे मीटर पळायचं. प्रत्येकाच्या दोन फेऱ्या, त्यातली चांगली धरायची. तालमीत मुलगी मी एकटीच. दादानंच आणलं होतं मला. क्लच कधी सोडायचा, टायर कधी तापतो, सगळं त्यानं शिकवलं. माझी लाल हॅचबॅक त्यानंच बांधली आणि त्याची पांढरी सेडान बांधताना स्पॅनर माझ्या हातात असायचे.

पण त्या वर्षीचं मैदान साधं नव्हतं. नाशिकच्या एका रॅली टीमचे मॅनेजर टिपणीस मुद्दाम आले होते. त्यांना एक ड्रायव्हर पाहिजे होता, पुरा एक सीझन पळायला. "मैदानात जो पहिला येईल त्याला घेऊन जातो," असं त्यांनी आधीच कळवलेलं.

आणि माझं लग्न ठरत आलं होतं. स्थळ इचलकरंजीचं, यंत्रमागवाले. पोरगा बरा होता, त्याचं काही म्हणणं नव्हतं. म्हणणं त्याच्या आईचं होतं. गाडी-बिडी लग्नानंतर बंद. चहाचा कप खाली ठेवता ठेवता बाईंनी हे सांगितलं, जसं काही कपात साखर जास्त झालीय.

मी घरात आठवडाभर आदळआपट केली. शेवटी आबा, माझे वडील, जेवताना ताकभात कालवत म्हणाले, "बरं. मैदानात पहिली ये. स्थळाला मी नाही म्हणून कळवतो आणि नाशिकला तुला मी स्वतः सोडून येतो."

"आणि नाही आले तर?"

"तर त्याच संध्याकाळी सुपारी फुटणार. परत तोंड वर करून बोलायचं नाही."

आबांची शिरोलीला फौंड्री. तिथं व्यवहार तोंडी चालायचा. विश्वासराव पोवारांचा शब्द म्हणजे ओतीव लोखंड, असं सगळी शिरोली म्हणायची. माझी आई तर म्हणायची, देव एखाद्या वेळेस फिरंल, हे फिरायचे नाहीत. त्यामुळं मला कागद नको होता की साक्षीदार नको होता. पहिली यायचं होतं, बास.

म्हणून त्या सकाळी गाडी तिसऱ्यात मेली तेव्हा हेल्मेट काढायचीही वाट मी बघितली नाही.

बोनेट उघडल्यावर तालीम गोळा झाली. उघडं बोनेट दिसलं की आमच्यातला प्रत्येक जण डॉक्टर. दादानं मोबाइल गाडीच्या कॉम्प्युटरला जोडला आणि पडदा सगळ्यांना दाखवला.

"हे बघा. नॉक दाखवतोय. म्हणून टायमिंग मागं ओढलंय आणि म्हणून ताकद गेली."

ज्याला यातलं काही माहीत नाही त्याच्यासाठी सांगते. पेट्रोल सिलिंडरमध्ये ज्या क्षणी पेटायला पाहिजे त्याच्या आधी भलतीकडंच पेटलं, की पिस्टनच्या डोक्यावर घण बसतो. त्याला नॉक म्हणायचं. इंजिनला एक अंगठ्याएवढा सेन्सर बोल्टनं आवळलेला असतो. त्याचं काम एकच, कान लावून बसायचं. घणाचा आवाज आला की तो कॉम्प्युटरला सांगतो. कॉम्प्युटर ठिणगी जरा उशिरा टाकतो. ताकद कमी होते, पण इंजिन वाचतं.

"सेन्सर म्हणजे सासू आहे रे," कुणीतरी म्हणालं. "काही झालेलं नसलं तरी कुरकुर."

"शरूला आतापासनंच सवय होऊ दे," दुसरा माझ्याकडं बघत म्हणाला.

"तुझ्या गाडीला सेन्सर लागतच नाही," मी त्याला म्हटलं. "ती पळतच नाही तर नॉक कुठनं करणार?"

इम्तियाज मुजावर तेवढा हसला नाही. तालमीत दादाच्या खालोखाल त्याचा शब्द चालायचा. स्वतःचं गॅरेज, फौंड्रीच्या सगळ्या गाड्यांचं काम त्याच्याकडं. तो वाकून बघत म्हणाला, "नॉक खरा असला तर? पेट्रोल कुठलं घातलंय हिला?"

"माझ्या हातानं घातलंय," दादा म्हणाला. "भारी. पुण्यासनं आणलेलं."

माझ्या गाडीचा मॅप, म्हणजे कॉम्प्युटरमधली सगळी जुळणी, त्या भारी पेट्रोलसाठीच केलेली होती. साध्या पेट्रोलवर ती नॉक करणार, हे तालमीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पण दादानं घातलंय म्हटल्यावर विषय संपला.

"मग इतका कसा दाखवतोय?" इम्तियाज म्हणाला.

"माउंट." दादानं इंजिनच्या बुडाशी, जिथं ते गाडीला टेकतं तिथं, बोट दाखवलं. "मागच्या महिन्यात कडक माउंट बसवले की हिला. रबर काढून टाकल्यावर सगळी थरथर ब्लॉकमध्ये जाती आणि सेन्सरला वाटतं नॉक आहे. खोटा नॉक. जगात सगळीकडं होतं हे."

ते खरंही होतं. कडक माउंट बसवल्यावर असं होतं. अशा गोष्टी आम्ही रात्रंदिवस वाचायचो, एकमेकांना पाठवायचो. त्यामुळं 'खोटा नॉक' म्हटल्याबरोबर निम्म्या तालमीनं माना डोलावल्या. आमच्यासारख्यांची खोड तीच. इंजिन दुखतंय म्हणालं तर विश्वास नाही, पण त्याला भास होतोय म्हटलं की लगेच पटतं, कारण भास बंद केला की ताकद वाढते.

"मग काय करायचं?" मी विचारलं.

"तुझी मर्जी. असंच पळवलीस तर दुसरी येशील. सेन्सर बंद केला तर मोकळी पळंल."

"रिस्क?"

दादा माझ्याकडं बघून हसला. लहानपणी सायकलच्या मागं धरून पळायचा तेव्हा हसायचा तसंच. "मी तुझ्या गाडीचं वाटोळं करीन होय?"

"कर बंद," मी म्हटलं.

त्यानं लॅपटॉप मांडीवर घेतला आणि सेन्सर मॅपमधनं काढून टाकला. मग निळ्या कॅनमधनं आणखी थोडं पेट्रोल माझ्या टाकीत ओतलं, एक थेंब बाहेर सांडू दिला नाही. आबा मंडपाच्या सावलीत टिपणिसांच्या शेजारी बसले होते. मी हात केला. आबांनीही केला.

दुसऱ्या फेरीला दादाचा नंबर शेवटचा होता आणि माझा त्याच्या आधीचा. दिवा हिरवा झाला आणि गाडी अशी सुटली की बस्स! जाळ आणि धूर संगटच. पहिला गिअर, दुसरा, तिसरा. तिसऱ्यात मघाशी मेली होती, आता मेली नाही. उलट पाठीत लाथ घातल्यासारखी पुढं गेली. हेल्मेट आणि सायलेन्सरच्या आवाजात मला दुसरं काही ऐकू येत नव्हतं. अर्धा रस्ता मागं पडला, मी आपल्याशीच ओरडत होते, "आली, आली, आली!"

मग धाडकन आवाज झाला. स्टिअरिंग हातात थरथरलं, मागच्या काचेत पांढरा धूर भरला आणि गाडी नुसती घरंगळायला लागली. कशीबशी कडेला घेतली. उतरून बघितलं तर इंजिनला तोंड फुटलं होतं. पिस्टनच्या दांड्यानं ब्लॉक फोडून बाहेर डोकं काढलं होतं आणि तापलेलं ऑइल रस्त्यावर सांडत होतं.

मी तिथंच रस्त्यावर बसले. रडले. लाज कसली त्यात? संध्याकाळी सुपारी फुटणार होती.

गाडी ढकलत आणेपर्यंत तालमीनं निकाल लावून टाकला होता.

"गिअर चुकवला असणार."

"चौथ्याच्या जागी दुसरा टाकला की काय होणार?"

"बायकांचं तेच असतं. लिपस्टिक सरळ लावतील, पण गिअर..."

"गप की," मी म्हटलं. "चौथ्यापर्यंत गेलेच नव्हते मी."

"मग तिसऱ्याच्या जागी पहिला."

दादा आला. त्यानं मला जवळ घेतलं, केसांवरनं हात फिरवला आणि सगळ्यांना म्हणाला, "जाऊ द्या रे, होतं असं. पोरीची जात, घाबरली असंल. गिअर चुकला तर चुकला." आवाज इतका मऊ होता, की मला स्वतःलाच वाटलं, चुकला की काय आपला गिअर? मी हात बघितला. हाताला सगळं नीट आठवत होतं.

मी माझ्या गाडीच्या टायरला टेकून बसले होते. दादाची फेरी आता लागणार होती, म्हणून तो पेट्रोल घालायला निघाला. मैदानात गाडी हलकी राहावी म्हणून टाकीत लागेल तेवढंच ठेवायचं असतं. माझ्या टाकीत ओतलेला निळा कॅन त्याच्या गाडीच्या मागच्या चाकापाशीच होता, अर्धा भरलेला. दादा त्याला ओलांडून गेला. लांब, आमच्या सामानाच्या टेम्पोपर्यंत चालत गेला. ताडपत्री उचलून आतनं लाल झाकणाचा दुसरा कॅन काढला, तो घेऊन आला आणि स्वतःच्या गाडीत ओतला.

उन्हातनं इतकं लांब माणूस कशाला जातो, पायाशी अर्धा कॅन असताना?

मला कळायला वेळ लागला नाही. कळल्यावर मात्र उठायला वेळ लागला. माझ्या गाडीत त्यानं साधं पेट्रोल घातलं होतं. पहिल्या फेरीत सेन्सरनं ते बरोबर ओळखलं, इंजिनला जपलं आणि तसल्या जपलेल्या, अर्धमेल्या गाडीनंही मी दादाच्या मानेवर येऊन बसले होते. म्हणून मग सेन्सर बंद.

लाउडस्पीकरवर नंदू ओरडला, "शेवटची फेरी! गाडी तयार ठेवा, धैर्यशील!"

मी उठले आणि सगळ्यांच्या मधोमध जाऊन म्हटलं, "दादा, पैरा मागते."

आमच्याकडं शेतकरी पैरा करतात. एकाचा बैल ऐन नांगरटीत लंगडला की शेजारी आपला देतो. तालमीनं तोच रिवाज उचलला होता. मैदानात ज्याचं इंजिन जाईल त्यानं, ज्याची फेरी बाकी असेल त्याच्याकडं गाडी आणि फेरी दोन्ही मागायची; वेळ चालवणाऱ्याच्या नावावर. मागितल्यावर नाही म्हणायचं नाही. नाही म्हटलं तर त्यानं तालमीची पायरी चढायची नाही. आतापर्यंत एकानंही नाही म्हटलं नव्हतं.

फेरी एकट्या दादाचीच बाकी होती.

"अगं, आत्ताच तर रडत होतीस," तो म्हणाला.

"मागितलं म्हणजे द्यायचं, धैर्या," इम्तियाज म्हणाला. "रिवाज आहे."

दादानं खांदे उडवले. "घे की. मी कुठं नाही म्हणतोय?" पहिल्या फेरीची त्याची वेळ तशीही सगळ्यात वर होती.

"पण एक काम कर," मी म्हटलं. "तुझ्या गाडीलाही कडक माउंट आहेत. माझ्यापेक्षा कडक. हिलाही खोटा नॉक येणार. हिचा पण सेन्सर बंद कर."

"हिला गरज नाही."

"मला होती आणि हिला नाही?"

"शरे, फालतू बोलू नको. वेळ चाललाय."

"बरं, सेन्सर मीच काढते मॅपमधनं. आधी पेट्रोल घालू." मी निळा कॅन उचलला आणि त्याच्या गाडीच्या टाकीचं झाकण उघडलं. "हेच घातलं होतंस ना मला? पुण्याचं, भारी?"

त्यानं माझं मनगट धरलं. इतकं घट्ट, की बांगडी आत रुतली.

"सोड."

"शरे, नको."

"का? भारी आहे की."

"फुटंल ती!"

तोंडातनं गेलं ते गेलं. इम्तियाजनं माझ्या हातातला कॅन घेतला, वास घेतला आणि खाली ठेवला. दादाकडं त्यानं बघितलं नाही.

"कॅन बदलले असतील," दादा म्हणाला. "चुकून."

गलका ऐकून आबा मंडपातनं आले होते आणि मागं उभं राहून सगळं ऐकत होते. टिपणीस तिकडं जेवत होते. आबा माणसं बाजूला सारत पुढं झाले. "चुकून एकदा होतं," ते म्हणाले. "सेन्सर पण चुकूनच बंद केलास?"

दादा माझ्याजवळ आला. मग मला एकटीला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाला, "किती वर्षं वाट बघतोय मी या टीमची. तू काल आलीस. तुला तर लग्न तरी आहे. मला काय आहे?"

मला त्याच्या थोबाडीत द्यायची होती. पण मारला असता तर हात थरथरला असता आणि मला हात पाहिजे होता.

"किल्ली दे तिला," आबा म्हणाले.

दादानं किल्ली दिली. त्या क्षणाला मला आबांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. म्हटलं, हाच माझा बाप. ओतीव लोखंड.

मी हेल्मेट चढवलं आणि पांढऱ्या सेडानमध्ये बसले. सीट माझ्यासाठी लांब होती, ती पुढं ओढली. ही गाडी जड, सुटताना आळशी, पण एकदा दम धरला की थांबायचं नाव नाही. दादा नेहमी तिला सुटताना घाई करायचा आणि टायर जाळायचा. मी कितीदा सांगितलं होतं, त्यानं ऐकलं नव्हतं. नंदूनं सवयीनं कागदावरचं वाचलं, "आणि शेवटची फेरी, धैर्यशील पोवार, पांढरी सेडान!" मंडपातनं टाळ्या आल्या.

दिवा हिरवा झाला. मी तिला घाई केली नाही. अर्धा श्वास जास्त थांबले, टायरनं रस्ता धरला आणि मग पाय दिला. दुसरा, तिसरा. तिसऱ्यात क्षणभर मन चरकलं, पण ही गाडी रस्ता खात गेली, खात गेली. चौथा मी इतका बरोबर टाकला की तालमीतल्या एकेकाला बोलावून दाखवावासा वाटला. पट्टा ओलांडला आणि लाउडस्पीकरवर नंदूचा आवाज चिरकला, "काटा किर्र! पहिला नंबर! दिवसातली सगळ्यात कमी वेळ!"

रस्त्याच्या त्या टोकाला गाडीत मी एकटी होते. हेल्मेटच्या आत ओरडले, रडले, स्टिअरिंगचं चुंबन घेतलं. नाशिकला कुठली बॅग न्यायची इथपर्यंत विचार झाला.

इंजिन तापलेलं म्हणून गाडी सावकाश बाजूच्या रस्त्यानं परत आणली, लांबच उभी केली आणि हेल्मेट काढून काखेत मारून मंडपाकडं चालत आले. टिपणीस हात पुसत आबांशी बोलत होते. दादा शेजारी उभा होता. तालीमही जमली होती.

"पोवारसाहेब," टिपणीस म्हणत होते, "मुलानं शेवटी काय गाडी काढली हो! पहिल्या फेरीत हाच मुलगा सुटताना टायर जाळत होता. आणि आता बघा, काय संयम! मला असाच माणूस पाहिजे होता."

मला वाटलं, आता आबा हसतील. म्हणतील, अहो मुलगा कसला, ही बघा आली.

आबांनी माझ्याकडं बघितलं. सावकाश, वरपासनं खालपर्यंत, हेल्मेटसकट. मग दादाकडं बघितलं. मग टिपणिसांना म्हणाले, "घरातलंच आहे ते. रक्तात आहे पोराच्या."

"आबा!" मी म्हटलं. आणि टिपणिसांच्या समोर जाऊन उभी राहिले. "गाडीत मी होते."

टिपणीस गोंधळले. "तुम्ही? तुमचं तर इंजिन गेलं ना, ताई? वाईट वाटलं हो मला. पहिली फेरी छान होती तुमची." आणि त्यांनी दादाकडं बघितलं.

दादानं आबांकडं बघितलं. आबा घड्याळ बघत होते. तेवढं दादाला पुरलं. त्यानं माझ्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाला, "माझी बहीण, सर. सकाळपासनं डोकं फिरलंय बिचारीचं. स्वतःची गाडी फुटली, आता माझ्या गाडीला आपली म्हणती."

कुणीतरी हसलं. मग दुसरा. मघाशी ज्यांनी किल्ली माझ्या हातात पडताना बघितली होती, तेच.

"इम्तियाज," मी म्हटलं. "सांग की रे. पैरा तूच द्यायला लावलास ना?"

इम्तियाजनं आबांकडं बघितलं, मग बुटांकडं. "पोवारांच्या घरातलं आहे, शरू. मी काय बोलू?" टिपणिसांना तो म्हणाला, "गाडी धैर्यशीलचीच आहे, साहेब."

"मी गाडी नाही विचारली!" मी ओरडले. "चालवली कुणी ते सांग!"

"ताई," टिपणीस फार सभ्यपणे म्हणाले, "पुढच्या वर्षी परत येतो मी. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." आणि त्यांनी दादाचा हात हातात घेतला. नंदूनं लाउडस्पीकरवर दादाच्या नावाचा पुकारा केला. पोरांनी त्याला उचलून खांद्यावर घेतला. वरनं त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि मग बघितलं नाही.

मी हेल्मेट फेकून मारलं. ते कुणालाच लागलं नाही. "अगं अगं, पाहुणे यायचेत आज, जरा शांत," म्हणून कुणीतरी मला धरलं आणि परत सगळे हसले.

आबांनी माझा दंड धरून मला त्यांच्या गाडीत बसवलं. दार बाहेरनं लावलं, स्वतः बसले, गाडी चालू केली. एमआयडीसीचं फाटक मागं पडलं.

"आबा," मी म्हटलं, "मी पहिली आले."

"आलीस की."

"तुम्ही बघितलं."

"बघितलं. चांगली चालवलीस. धैर्याला नसतं जमलं तसं."

"मग तुमचा शब्द?"

आबांनी मला रस्ता ओलांडणारी म्हैस दाखवली, जसं काही मीच चालवत होते. हॉर्न दिला. म्हैस गेल्यावर म्हणाले, "माझा शब्द आहेच. पहिली आलीस तर, असं म्हटलं होतं मी. पण आता तूच सांग, तिथं एवढी माणसं होती. त्यातलं एक तरी म्हणालं का, की तू आलीस म्हणून?"

मी आठवून बघितलं. कुणीच म्हणालं नव्हतं.

"मग," आबा म्हणाले, "घरी गेल्यावर तोंड धू. केसाला ऑइल लागलंय."